दिल्लींत सहा दिवस

आमच्या घराण्यांत प्रवास म्हणजे यात्रा, असाच अर्थ आजवर चालत आला. आजोबांनीं रामेश्वर केलें, वडिलांनीं काशी केली, आणि आम्हीं स्वतः पंढरी, नरसोबाची वाडी व गाणगापूर यांपलीकडे पाऊल टाकलें नव्हतें. त्यामुळें गेल्या पौषांत 'आम्ही उभयतां दिल्ली पाहावयास जात आहों' असें घरांत सांगतांच मोठ्या वहिनींनीं पहिला प्रश्न केला, "दिल्लीस? तेथें दर्शन कोणाचें?" या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. "आल्यावर सांगूं," इतकेंच म्हणालों. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर, असें वाचकांनीं समजावें.

सदतीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. त्या अवधींत 'दिल्ली' हें नांव फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परंतु दिल्ली डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. कुटुंब एकत्र, पानावर बसणारीं माणसें चौदा, मातोश्री अंथरुणास खिळलेल्या. तेव्हां आम्ही बाहेर तर सौभाग्यवती घरीं, आणि ती माहेरीं तर आम्ही घरीं, असा क्रम लग्नापासून एकेचाळीस वर्षें चालला. मातोश्रींचें वर्षश्राद्ध आटोपल्यावर धाकटे बंधू म्हणाले, "नाना, आतां तुम्ही दोघें एकदां कोठें तरी जाऊन या. स्वयंपाकघर कांहीं पळून जात नाहीं." ठिकाण आम्हीं निवडलें. सौभाग्यवतीची अट एकच होती: सहा दिवस दुसऱ्यानें रांधलेलें आयतें जेवावयास मिळावें.

पुण्यास गाडींत बसलों. मथुरेपर्यंत सर्व यथास्थित होतें. पुढें मात्र धुक्यानें अशी गाठ घातली कीं, खिडकीबाहेर रूळही दिसेना, आणि गाडी पांच तास उशिरानें निझामुद्दीन स्थानकांत शिरली. पुतण्या सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीस असतो. तो फलाटावर उभाच होता. "काकू, ही शाल येथें पुरायची नाहीं," असें म्हणून त्यानें आपल्या पत्नीचा लोकरी कोट पुढें केला. नऊवारीवर कोट घालण्यास सौभाग्यवतीनें स्थानकाच्या दारापर्यंत विरोध केला. दाराबाहेर पडल्यावर विरोध मावळला. जानेवारींत पहाटे पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हें आमच्या कृष्णाकांठच्या माणसांनीं ध्यानांत ठेवावें. हवाही धुरकट असते; ज्यांस दम्याचा विकार आहे त्यांनीं हे दिवस टाळलेले बरे. इतरांनीं सकाळीं दहा वाजतां निघून कोंवळ्या उन्हांत हिंडावें व दिवेलागणीस परतावें. भुयारी रेल्वेनें बहुतेक स्थळें सहज गांठतां येतात. आमच्यासारख्या नवख्यांसही तींत चुकण्याची भीति वाटली नाहीं.

पहिला दिवस कुतुबमिनाराचा. ७२.५ मीटर उंचीचा तो मनोरा पायथ्यापासून पाहूं गेल्यास डोकीवरचा पदर खालीं येतो, इतकी मान वर करावी लागते. आंत ३७९ पायऱ्या आहेत. परंतु १९८१ च्या डिसेंबरांत तेथें चेंगराचेंगरी होऊन ४५ जण दगावले, तेव्हांपासून वर जाणें बंद आहे. हें ऐकून सौभाग्यवतीच्या गुडघ्यांस समाधान वाटलें. शेजारच्या मशिदीचे खांब पाहतांना मात्र आमचें मन खिन्न झालें. सांखळ्या, घंटा, पूर्णकलश यांची नक्षी ज्यांवर आहे ते खांब एकावर एक चढवून ओवऱ्या उभ्या केल्या आहेत. सत्तावीस देवळांचें सामान येथें लावलें, असें दारावरच्या फारसी लेखांतच नमूद आहे. आम्हीं तेथें सौभाग्यवतीस जवळजवळ तासभर व्याख्यान दिलें. परक्याच्या घरचें आणून आपलें घर सजविणें यास काय म्हणावें, असा त्याचा सूर होता. हें व्याख्यान वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

त्याच प्रांगणांत तो लोहस्तंभ आहे. उंची सात मीटरांहून किंचित् अधिक, वजन सहा टनांहून अधिक, वय सुमारें सोळाशें वर्षें, आणि गंज नाममात्र. लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो व तोच पुढील गंज थोपवितो, असें धातुशास्त्रज्ञ सांगतात. १९९७ पासून भोंवतीं कठडा आहे, त्यामुळें स्तंभास पाठ लावून मागें हात जुळविण्याचा लोकांचा जुना खेळ बंद झाला. स्तंभावरील लेख गुप्तकालीन ब्राह्मी लिपींत आहे. भाषा संस्कृत, श्लोक तीन. चंद्र नांवाच्या राजानें विष्णुपद नांवाच्या टेकडीवर हा विष्णुध्वज उभारला, असें त्यांत म्हटलें आहे. हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असें बहुतेक विद्वान् मानतात. म्हणजे हा स्तंभही मूळचा येथला नव्हे; तोही कोणीं तरी कोठून तरी आणलेला.

लेखाची नागरी प्रत आम्हीं घरूनच वहींत उतरून नेली होती. कठड्याशीं उभे राहून ती हळू स्वरांत म्हणूं लागलों. दुसऱ्या चरणास सौभाग्यवती एकदम म्हणाली, "अहो, ही तर मंगलाष्टकांची चाल!" आम्ही थबकलों. वृत्त शार्दूलविक्रीडित, म, स, ज, स, त, त, ग, चरणांत अक्षरें एकोणीस. हें लक्षण आम्हीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें, परंतु हें तेंच वृत्त ज्यांत एकेचाळीस वर्षांपूर्वीं आमच्या दोघांमध्यें अंतरपाट धरून ब्राह्मणांनीं मंगलाष्टकें म्हटलीं, हें आम्हांस आजवर सुचलें नव्हतें. संस्कृत आम्हांस येतें, तिला येत नाहीं. पण सोळाशें वर्षांपूर्वींच्या त्या लेखाशीं ओळख प्रथम तिची पटली.

दुसऱ्या दिवशीं हुमायूनची कबर व जंतरमंतर पाहिलें. ती कबर त्याच्या विधवा पत्नीनें, बेगा बेगमेनें, बांधविली व ती १५७२ सालीं पुरी झाली, हें ऐकून सौभाग्यवतीस विशेष वाटलें. "म्हणजे ताजमहालाच्या आधीं बायकोनें नवऱ्यासाठीं बांधलें होतें, त्याचा मात्र कोणी एवढा गवगवा करीत नाहीं," असा तिचा अभिप्राय पडला, व त्यावर आम्हांस कांहीं बोलतां येईना. याच ठिकाणीं १८५७ सालीं शेवटचा बादशहा बहादुरशहा इंग्रजांच्या हातीं लागला, आणि १९४७ सालीं फाळणींत घरांदारांस मुकलेल्या निर्वासितांच्या छावण्या येथेंच पडल्या. जंतरमंतर हें जयपूरच्या सवाई जयसिंगाचें १७२४ सालचें काम. पंचांगाची गोडी असलेल्यांनीं तेथील सम्राटयंत्राच्या सांवलीपाशीं दोन घटका अवश्य बसावें. जयसिंगाच्या पदरच्या जगन्नाथ पंडितानें यूक्लिडची भूमिति 'रेखागणित' या नांवानें संस्कृतांत आणली होती. तेव्हां त्या विटा-चुन्याच्या यंत्रांमागें केवळ राजाची हौस नव्हती, चांगला अभ्यास होता.

तिसरा दिवस गुरुवार होता. पुतण्याची पत्नी म्हणाली, "काका, गुरुवार आहे, तर फिरोजशहा कोटला पाहा." फिरोजशहा तुघलकानें चौदाव्या शतकांत वसविलेल्या नगराचा तो पडका किल्ला, शेजारींच क्रिकेटचें प्रसिद्ध मैदान आहे. आंत एका मजलेदार इमारतीच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो सुलतानानें अंबाल्याकडील टोपरा गांवाहून आणविला. त्या वेळच्या बखरकारानें ही हकीकत मोठ्या तपशिलानें लिहून ठेविली आहे. प्रथम खालीं सांवरीच्या कापसाची गादी घालून त्यावर स्तंभ हळूहळू आडवा केला. मग त्यास लव्हाळे व कातडीं गुंडाळलीं. बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविला. एकेका चाकास दोन-दोनशें माणसें लाविलीं. आणि यमुनेच्या कांठीं आल्यावर मोठ्या नावांवर घालून दिल्लीस उतरविला. येवढा खटाटोप करून आणलेल्या त्या दगडावर काय लिहिलें आहे हें मात्र सुलतानास कळेना. त्यानें ब्राह्मण पंडित बोलाविले; पण कोणासही तीं अक्षरें लागेनात. कित्येकांनीं तर म्हणे असा अर्थ सांगितला कीं, 'फिरोज नांवाचा सुलतान होईपर्यंत हा स्तंभ कोणासही हलवितां येणार नाहीं, असें यांत लिहिलें आहे.'

हें आठवून आम्हांस हंसूं आलें, आणि मागोमाग थोडी लाजही वाटली. त्या पंडितांची ती जात आमच्या परिचयाची आहे. 'हें मला वाचतां येत नाहीं' हें वाक्य उच्चारणें विद्वानास किती जड जातें! पुढें १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप या इंग्रज पंडितानें ती लिपि उलगडली, तेव्हां समजलें कीं, ही राजाज्ञा आहे. अशोकाच्या स्तंभलेखांपैकीं सातवा याच एका स्तंभावर आहे. रस्त्यांच्या कडेनें माणसांस व जनावरांस सांवली मिळावी म्हणून वड लाविले, आंबराया लाविल्या, ठराविक अंतरावर विहिरी खणविल्या, विसांव्याच्या जागा केल्या, असें तो राजा त्यांत सांगतो. याच दगडावर खालीं चाहमान राजा विग्रहराज याचा वि. सं. १२२० चा संस्कृत लेखही आहे. एकाच दगडावर दोन राजे बोलतात, आणि दोघांमध्यें चौदाशें वर्षांचें अंतर! आम्हीं वडांची व विहिरींची हकीकत सांगितली, तेव्हां सौभाग्यवती म्हणाली, "मग हा चांगला कर्ता पुरुष होता म्हणायचा. पाहुण्याच्या पाण्याची सोय आधीं, मग बाकीचें."

गुरुवारचें विशेष असें कीं, त्या पडक्या कोनाड्यांतून दिवे व उदबत्त्या लावून लोक चिठ्ठ्या ठेवितात. तेथें जिन्न राहतात व ते अर्ज ऐकतात, अशी समजूत आहे. मुलाची नोकरी, लेकीचें लग्न, आजारीपण, घरचा तंटा, सर्व कांहीं त्या कागदांवर असतें म्हणतात. अर्ज करणारांत सर्व धर्मांचे लोक दिसले. आमच्या शास्त्रीय मनास हें रुचणारें नव्हतें. आम्ही कांहीं बोलणार तोंच सौभाग्यवतीनें हळूच आमची बाही ओढली. एक तरुण मुलगी भिंतीस कपाळ टेकून रडत होती. आम्ही गप्प राहिलों व दुसऱ्या वाटेनें बाहेर पडलों.

मधले दोन दिवस जुन्या शहराच्या गल्ल्यांत गेले. चांदणी चौक हा शहाजहानच्या जहांआरा या कन्येनें आंखविला. तेथें थंडींतच मिळणारी 'दौलत की चाट' नांवाची दुधाच्या फेंसाची मिठाई खाल्ली. तोंडांत घालावी तों नाहींशी होते. गाजराचा हलवा मात्र तोंडांत राहतो, व सौभाग्यवतीनें त्याची कृति हलवायाकडून उभ्या-उभ्या विचारून घेतली. आयतें जेवण्याचें व्रत असें चवथ्या दिवशींच भंगूं लागलें.

शेवटचा दिवस १४ जानेवारी, संक्रांत. तिथीनें नव्हे, पण तारखेनें तोच पानिपताचा दिवस. मुद्दाम तो दिवस आम्हीं लाल किल्ल्यासाठीं राखून ठेविला होता. शहाजहाननें १६३९ ते १६४८ या काळांत बांधविलेल्या या किल्ल्याचें नांव आम्हीं वर्गांत ज्या आवेशानें घेतलें त्याची आठवण आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस असेल. 'भाऊसाहेबांनीं दिल्लीचें तख्त फोडलें!' असें म्हणून आम्ही टेबलावर डस्टर आपटीत असूं, आणि मुलें बांकें वाजवीत. सदतीस वर्षांत या वाक्यास एकदांही खळ पडला नाहीं.

दिवाण-इ-खासच्या पायऱ्यांशीं आम्ही उभे राहिलों. पांढरा संगमरवर, खांबांवर रंगीत दगडांचीं फुलें, आणि वर लाकडी छत. मार्गदर्शक दुसऱ्या एका मंडळीस हिंदींत सांगत होता कीं, पूर्वीं या छतास चांदी होती. सौभाग्यवतीनें ऐकलें व विचारलें, "ती चांदी कोणीं हो नेली? इंग्रजांनीं?"

आम्ही उत्तर देईनों. उत्तर ठाऊक नव्हतें असें नाहीं. मयूरासन नादिरशहानें १७३९ सालींच इराणास नेलें होतें. एकवीस वर्षांनंतर, १७६० च्या पावसाळ्यांत, भाऊसाहेब दिल्लींत शिरले तेव्हां त्यांच्या हातीं आली ती छताची चांदी; ती उतरवून, वितळवून तिचे रुपये पाडले. ज्या प्रसंगावर आम्ही मुलांकडून बांकें वाजवून घेतलीं तो प्रसंग खरोखर हा होता.

"अहो, आज गप्प कां? कुतुबाच्या खांबांपाशीं तर तासभर बोलत होतां."

"आपल्यांनींच नेली," आम्ही म्हणालों.

मग तेथील बाकावर, उन्हांत बसून, सर्व सांगितलें. यमुनेस पूर आलेला, पलीकडे अब्दाली; पुण्याहून पैसा येईना; फौजेचे पगार थकलेले; बरोबर यात्रेकरू व बायकामुलें हजारोंनीं; घोडीं उपाशी. त्यानंतर लवकरच सूरजमल जाट आपली फौज घेऊन निघून गेला, आणि साडेपांच महिन्यांनीं पानिपत झालें. सौभाग्यवतीनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. नंतर म्हणाली, "तुमचा पगार आठ महिने अडला होता, तेव्हां माझ्या पाटल्या मोडल्या. पदरीं माणसें असलीं आणि पैसा नसला म्हणजे काय होतें, तें मला सांगायला नको. भाऊसाहेबांना दोष देणारी मी कोण! पण पाटल्या माझ्या होत्या. ही चांदी दुसऱ्याच्या घरची."

यावर आम्हांस कांहीं बोलावयाचें उरलें नाहीं. पाटल्यांची ती गोष्ट तीस वर्षांत तिनें प्रथमच तोंडाबाहेर काढली. आणि तीही तक्रार म्हणून नव्हे, माप म्हणून.

त्या दालनानें पुढेंही पुष्कळ पाहिलें. १७८८ सालीं गुलाम कादरानें याच किल्ल्यांत शहाआलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हां महादजी शिंद्यांच्या फौजेनें येऊन त्या आंधळ्या वृद्धास सोडविलें व गुलाम कादरास पकडून शासन केलें. १८०३ सालीं शिंद्यांच्या हातून दिल्ली गेली. १८५८ सालीं याच दालनांत इंग्रजांनीं बहादुरशहाची चौकशी चालविली, आणि १९४५ सालीं याच किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला भरला. आतां दर १५ ऑगस्टला येथूनच राष्ट्रध्वज फडकतो. चांदी उतरविणारे आपले, आणि आंधळ्यास सोडविणारेही आपलेच. एक सांगून दुसरें झांकण्याचा अधिकार मास्तरास नाहीं.

बाकावर शेजारीं एक दिल्लीकर वृद्ध गृहस्थ नातवास घेऊन ऊन खात बसले होते. कोठून आलांत, असें त्यांनीं विचारलें. सौभाग्यवतीनें पिशवींतून तिळगुळाची पुडी काढली, आजोबा-नातवाच्या हातावर लाडू ठेविले, आणि आपल्या मोडक्या हिंदींत 'मीठा बोलो' असें सांगितलें. वृद्ध गृहस्थांनीं तो डोळ्यांस लावून खाल्ला.

घरीं पोंचल्यावर मोठ्या वहिनींनीं तोच प्रश्न पुन्हा केला. सौभाग्यवतीनें हलव्याचा डबा त्यांच्या पुढें ठेविला व म्हणाली, "दर्शन पुष्कळांचें झालें; प्रसाद हा घ्या." त्यापुढें तिनें अशोकाचे वड आणि विहिरी यांची गोष्ट सर्व सुनांस सांगितली, ती आमच्यापेक्षां सरस सांगितली.

प्रजासत्ताकदिनीं शाळेनें जुन्या शिक्षकांस दोन शब्द बोलण्यास बोलाविलें होतें. आम्हीं छताची हकीकत सांगितली. आमच्या जुन्या वाक्याचीही कबुली दिली. बांकें वाजलीं नाहींत. शेवटीं एका मुलीनें उठून विचारलें, "सर, मग भाऊसाहेबांचें बरोबर कीं चूक?" आम्हीं तिला सांगितलें, "गरज खरी होती, आणि चांदी परक्याची होती. हीं दोन्ही वाक्यें एकाखालीं एक लिही, व कोणतेंही खोडूं नको." तिनें तीं वहींत उतरून घेतलीं. हें उत्तर आमचें नव्हे, घरांतून मिळालेलें आहे, इतकें मात्र त्या सभेंत सांगावयाचें राहून गेलें. तें येथें सांगतों.